द्राक्षबागेबद्दल इंग्रजीत लिहिताना

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनो, निर्यातदाराला मेल लिहिताना सगळीकडे ‘वीक’ (कमकुवत) लिहू नका. थॉमसन सीडलेस ही द्राक्षाची जात डाउनीला (केवडा रोगाला) पटकन बळी पडते, तिथे ‘ससेप्टिबल टू डाउनी मिल्ड्यू’ हाच नेमका शब्द. फुलोऱ्यातल्या बागेला अवकाळीची भीती असते, तेव्हा ‘व्हल्नरेबल टू रेन’. आच्छादनच नसेल तर घड ‘एक्स्पोज्ड टू हेल’ (गारपिटीला उघडे). रामकुंडाकडचा भाग गोदावरीच्या पुरात पुन्हा पुन्हा पाण्याखाली जातो, तो ‘फ्लड-प्रोन’. सुटं लिहिलं तर ‘प्रोन टू फ्लडिंग’.

या सगळ्यांपुढे ‘टू’च येतं. आपण ‘गारपिटीपासून धोका’ म्हणतो ना, म्हणून हात ‘फ्रॉम’कडे वळतो. मेल पाठवण्याआधी तेवढं नक्की तपासा, कारण तिथे चूक सहज होते.