अर्जाआधी नाव जुळवा

जून उजाडला की लोकमान्य नगरातल्या आमच्या ओसरीवर संध्याकाळी कोणी ना कोणी आई प्लास्टिकची फाइल घेऊन येतेच. इंदूरच्या एका कॉलेजात मी २६ वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसले. मार्क कमी म्हणून ज्यांचे पैसे बुडाले अशी मुलं मी फार थोडी पाहिली. नाव जुळलं नाही, खातं चुकलं, तारीख निघून गेली, यातच जास्त गेली. हुशार पोरीचे हक्काचे पैसे एका अक्षरापायी जातात तेव्हा आजही जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

फाइल हातात आली की मी टक्के विचारत नाही. आधार कार्ड आणि दहावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवते आणि बोट फिरवत एकेक अक्षर वाचते. आपल्या मराठी घरांत इथे घोळ ठरलेला असतो. आधारवर मधे वडिलांचं नाव, मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव, पासबुकात आडनाव आधी. शिवाय आईचं नाव! लग्नात नाव बदललेलं असतं. मुलाच्या मार्कशीटवर सासरचं नाव, आईच्या आधारवर माहेरचं, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. दहावीच्या मार्कशीटवरचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रावर जाण्याआधी अक्षरं कागदावर लिहून न्या. मूल अजून आठवी-नववीत असेल तर शाळेत बोर्डाची नोंदणी होते तेव्हाच स्वतः जाऊन नाव तपासा. अकरावीच्या सुट्टीत मूलनिवासी, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याचा, आणि उत्पन्नाचा असे दोन्ही दाखले काढून ठेवा. निकाल लागल्यावर लोकसेवा केंद्रात सगळं गाव एकदम धावतं.

खात्याचं सांगते, ते माझ्याच भाच्याचं. बारावीला चांगले मार्क पडले म्हणून केंद्राच्या शिष्यवृत्तीत त्याचं नाव लागलं, वर्षाला १२,००० रुपये. बँकेतल्या बाईंनी सांगितलं, आधार लिंक आहे. आम्ही निर्धास्त. पैसे आलेच नाहीत. शोध घेतला तेव्हा कळलं की शाळेत असताना उघडलेल्या दुसऱ्याच बँकेतल्या खात्याला आधार सीड झालेलं होतं, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी जोडलेलं होतं, आणि वर्षानुवर्षं व्यवहार नसल्यानं ते खातं बंद पडलेलं. सरकारी पैसा आधार जिथे शेवटचं सीड झालं त्या खात्यात जातो, फॉर्मवर तुम्ही कोणता नंबर लिहिला याला तिथे महत्त्व नाही. म्हणून बँकेत ‘लिंक आहे का’ असं विचारू नका. ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग याच खात्याला आहे का’ असं विचारा, आणि आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती स्वतः पाहा.

फॉर्म कियोस्कवर, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, भरायला हरकत नाही, पण मूल सोबत हवं आणि मोबाइल नंबर घरचाच. घाईत कियोस्कवाल्याचा नंबर टाकलेले कितीतरी फॉर्म माझ्या टेबलावर आले. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि पोरगं पासवर्डसाठी महिनाभर चकरा मारतं.

पुण्याच्या काकू तिकडच्या फी-सवलती घ्या म्हणतात, सल्ला प्रेमाचा असतो, पण महाराष्ट्र सरकारच्या फी-सवलती तिथल्या रहिवाशांसाठी आहेत. आपण कितीही मराठी असलो तरी कागदावर मध्य प्रदेशचे. आपल्याकडे मेधावी विद्यार्थी योजना आहे: एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५, इंजिनिअरिंगला जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला रँक, आणि घरच्या उत्पन्नाची अट. मुलीला तांत्रिक पदवीला प्रवेश मिळाला तर एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती बघा, वर्षाला ५०,००० मिळतात. कॉलेजच्या शिक्षण शुल्क माफीची जागा मात्र प्रवेशाच्या काउंसिलिंगमध्येच मागावी लागते. प्रवेश झाल्यावर आठवण झालेले पालक मला दरवर्षी भेटायचे.

आता कर्ज. पाटल्या मोडायच्या किंवा एफडी तोडायची हे शेवटी ठेवा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, आणि अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. निवडक संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत तारण आणि जामीन दोन्ही लागत नाहीत. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो हे खरं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमलं तर तेवढं व्याज दरमहा भरत जा. मुलाला चारचौघांत ‘तुझ्यासाठी कर्ज काढलं’ असं ऐकवू नका. माझ्यासमोर टेबलाशी उभी राहून मान खाली घातलेली मुलं मी विसरलेले नाही.

पहिल्या वर्षाचे पैसे आले की घर सुस्तावतं. भाच्याला लागलेली केंद्राची ती शिष्यवृत्ती दरवर्षी नूतनीकरण मागते, त्यासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. आणि सबमिट झालेला फॉर्म कॉलेजनं तपासून पुढे पाठवल्याशिवाय हलत नाही. प्रिंट आणि कागद घेऊन टेबलावर जा, नाव रजिस्टरात लिहिलेलं डोळ्यांनी पाहा. मग दर शनिवारी एकदा शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर लॉगिन करा. स्थितीत ‘डिफेक्टिव्ह’ दिसलं तर फॉर्म दुरुस्तीला परत आलेला असतो. सोमवारी सकाळी पहिल्यांदा तिथेच जा, कारण मुदत संपली की पोर्टल बंद होतं आणि टेबलावरच्या माणसाच्या हातात काही उरत नाही.