कॉम्पोझिटचं आकसणं कॅमेऱ्याने मोजताय? या चुका टाळा

थीसिसचे दिवस आले की वडोदऱ्यातल्या डेंटलच्या पीजी मुलामुलींची आमच्या लॅबकडे रीघ लागते. दातात भरायचं कॉम्पोझिट कडक होताना किती आकसतं, हे डिजिटल इमेज कोरिलेशनने, म्हणजे डीआयसीने, मोजायचं असतं. नमुन्यावर ठिपके, समोर कॅमेरा, ठिपके किती सरकले ते सॉफ्टवेअर सांगणार. ऐकायला सोपं, म्हणून सगळे घाईत. आणि चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात छळणारी चूक उजेडाची. मागे एक मुलगी उड्या मारत आली, "सर, हे मटेरियल जवळजवळ आकसतच नाही!" साधं कॉम्पोझिट घनफळात दोन ते तीन टक्के आकसतं. सगळ्या बाजूंनी सारखं धरलं तर लांबीत त्याचा तिसरा हिस्सा, साधारण 0.7 ते 1 टक्का. तिचा आकडा होता 0.1 टक्का. मी विचारलं, फोकसला किती वेळ लागला? "वीसेक मिनिटं. ठिपके नीट दिसेनात, म्हणून दुसरा एलईडीही लावला." क्यूअरिंग लाइट, म्हणजे कॉम्पोझिट कडक करणारा निळा दिवा, न दाखवलेला एक नमुना टेबलावर दिव्याखाली तसाच पडला होता. मी त्यावर प्रोब, म्हणजे दात तपासायची टोकदार सळई, टेकवला. टक्. दगड!

कॉम्पोझिटमधलं कॅम्फरक्विनोन हे रसायन 470 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि कडक होणं सुरू करून देतं, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो. बाईंनी पहिला फोटो काढेपर्यंत बरंचसं आकसणं उरकलं होतं. भात शिजल्यावर तो किती फुगतो ते बघायला बसण्यातला प्रकार. 28 नमुने कचऱ्यात. क्लिनिकमध्ये हीच मंडळी निळा प्रकाश अडवणाऱ्या नारिंगी काचेआडून बघतात, लॅबच्या दारात ते ज्ञान चपलांबरोबर काढून ठेवतात.

माझी सवय अशी: फोकस नेहमी जुन्या, कडक झालेल्या नमुन्यावर. दिव्यावर नारिंगी फिल्टर. रावपुऱ्यातून आणलेला जिलेटिन पेपरही चालेल, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. त्याच उजेडात कॉम्पोझिटचा एक थेंब अर्धा तास ठेवायचा आणि टोचून बघायचा. मऊ असेल तरच पुढे. लेन्सवरही नारिंगी फिल्टर हवा, नाहीतर क्यूअरिंग लाइट लागताच फोटो पांढराफटक. तोही पहिल्या फोटोपासून, मध्येच लावलात तर पहिल्या फोटोशी मेळच बसत नाही. ती मुलगी अशीच परत बसली, 0.8 आलं. जरा हिरमुसलीच.

दुसरं माझं दुखणं, नमुना पुढेमागे सरकणं. एकाच कॅमेऱ्याला जवळ येणं आणि मोठं होणं यातला फरक कळत नाही. 200 मिलिमीटरवरचा नमुना 0.1 मिलिमीटर पुढे आला की 500 मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीत दहा लाखांमागे 500 भागांचा खोटा बदल, फुकटात मिळतात. आकसण्यात ते एकवेळ खपेल, पण दाबाखालच्या दातात खरा स्ट्रेनच कित्येकदा तेवढा असतो. कॅमेरा लांब न्या, लांब फोकसची लेन्स लावा. टेलिसेंट्रिक, म्हणजे अंतर बदललं तरी आकार तोच दाखवणारी लेन्स, मिळाली तर उत्तम, दोन कॅमेरे असतील तर प्रश्नच नाही. "सॉफ्टवेअरमध्ये करेक्शनचं बटण असेल ना?" असं मला विचारू नका.

ठिपके तीन ते पाच पिक्सेलचे हवेत. मोहरीसारखे टपोरे नकोत, खसखशीसारखे हवेत. कच्च्या कॉम्पोझिटवर स्प्रे पेंट तर अजिबात नको, त्यातला सॉल्व्हंट पृष्ठभागाची वाट लावतो. मी मलमलीच्या फडक्यातून कोळशाची वस्त्रगाळ पूड झटकतो.

काढलेला दात दिव्याखाली सुकू देऊ नका. डेंटिन, म्हणजे दाताच्या कडक कवचाखालचा थर, वाळतानाही आकसतं.

काहीही करण्याआधी न हललेल्या नमुन्याचे दहा फोटो काढा आणि आपसात ताडून बघा. शून्याऐवजी जे येईल तो तुमच्या मांडणीचा गोंगाट. हे पाच मिनिटांचं काम टाळणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी टेबल देत नाही.

आणि लेसरवाली ईएसपीआय, म्हणजे लेसरच्या उजेडात उमटणाऱ्या पट्ट्यांवरून बारीक हालचाल मोजायची पद्धत, नवरात्रात संध्याकाळी लावू नका. हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर, तिच्या अंशाएवढी हालचालही पट्ट्यांत उमटते. मैदानावर ढोल सुरू झाला की स्क्रीनवरच्या पट्ट्याही गरबा खेळतात. त्या नऊ दिवसांत आम्ही पहाटे चारला मोजायला बसतो.