शिकलेला ससा परत गादीवर शू करायला लागला तर काय करायचं

आमच्या घरात आत्तापर्यंत सहा ससे राहून गेले, त्यातले चार लोकांनी "आता आम्हाला नको" म्हणून आणून दिलेले. चौघांच्या आधीच्या मालकांची तक्रार एकच. पहिले दोन-तीन महिने एका कोपऱ्यात करायचा, मग काय झालं कुणास ठाऊक, गादी नाही सोफा नाही, सगळीकडे करायला लागला. म्हणजे ससा पाच महिन्यांचा झाला की घराबाहेर. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही अडचण सुटते, फक्त जो तो जे सल्ले देतो ना त्यातले निम्मे उलटेच असतात.

आणि हो, शेतात सापडलेलं पिल्लू घरी आणलं असेल तर ते या लेखातलं जनावर नाही. तो रानससा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, त्याला पाळायचं नसतं. जिथून उचललं तिथेच ठेवून या, आई संध्याकाळनंतर येते दूध पाजायला.

१. ट्रे. मोठा घ्या. ससा आत आडवा पसरला पाहिजे इतका मोठा. पिंजऱ्यासोबत तो तिकोनी छोटा डबा येतो तो देऊन टाका कुणाला. भांड्यांच्या दुकानातला पसरट प्लास्टिकचा टब चालतो, समोरची बाजू चार इंचांवर कापायची आणि कड घासून घ्यायची.

२. आत काय घालायचं. कागदाच्या नाहीतर लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या, एक इंच थर. नसतील तर वर्तमानपत्राचे सात-आठ थर आणि वर गवत. मांजरासाठीची ती गोळा होणारी माती अजिबात नको, ससा चघळतो आणि ती पोटात जाऊन फुगते. वखारीतला भुसाही नको, धूळ नाकात जाते.

३. गवत ट्रेमध्येच. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्याची रीतच तशी आहे. म्हणून ट्रेच्या एका टोकाला त्याच्या अंगाएवढा गवताचा ढीग पाहिजे, मूठभर नाही. आपल्याकडे कडबा कुठेही मिळतो पण त्याची धाटं जाड, ससा पाला ओढून खातो आणि धाटं तशीच राहतात, त्यामुळे नुसत्या कडब्यावर भागत नाही. ज्वारीचा कोवळा हिरवा चारा तर देऊच नका, तो गुरांनाही विषारी ठरतो हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मेथीघास सहा महिन्यांपर्यंत ठीक, नंतर त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि शू घट्ट, पांढरट यायला लागते. गाई-म्हशीवाल्याकडून स्वच्छ वाळलेलं गवत घ्या, नाहीतर ऑनलाइन टिमोथी नावाचं वाळलेलं गवत मागवा.

४. जागा. ससा ठरवतो, तुम्ही नाही. तो ज्या कोपऱ्यात जातो तिथे ट्रे ठेवा. तिथे टीव्हीचं टेबल असेल तर टेबल हलवा.

इथपर्यंत बहुतेक सशांना चार ते दहा दिवस लागतात. खरं काम पुढे आहे.

५. साडेचार-पाच महिन्यांनी सगळं विस्कटतं तेव्हा

भुऱ्या माझा पहिला ससा, दोन महिन्यांचा असताना आला आणि चौथ्या दिवशी ट्रे शिकला. मला वाटलं झालं, संपलं. साडेचार महिन्यांचा झाला आणि एका सकाळी पलंगावर चढला, सासूबाईंची मरून रंगाची मोराची सोलापुरी चादर होती, ती त्यानं आधी हुंगली, पुढच्या पायांनी दोनदा उकरली, गोल फिरला, शेपटी वर उचलली आणि माझ्याकडे बघत बघत केली. दुसऱ्या दिवशी परत तिथेच. आठवड्याभरात गादी, उशी, मुलाचं दप्तर, सगळं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नाक घास त्याचं त्यात, मग कळेल." कुणी म्हणालं पिंजऱ्यात कोंड, कुणी म्हणालं पेपरची गुंडाळी करून हलकीशी मार. नाक घासण्याचं मी एकदा केलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानं झालं एवढंच की भुऱ्या मला बघितलं की सोफ्यामागे जायला लागला आणि मग सोफ्यामागे शू करायला लागला. सशाला शिक्षा कळत नाही. तो दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी आहे, त्याला फक्त एवढंच कळतं की हे माणूस धोक्याचं आहे. तो सूड घेत नसतो, मुद्दाम तर अजिबात करत नसतो. या वयात अंगात हार्मोन्स येतात आणि तो "ही जागा माझी" असं वासानं लिहून ठेवतो, आणि गादी म्हणजे मऊ, ओल मुरणारी, शिवाय तुमच्या वासानं भरलेली, त्याच्या दृष्टीनं घरातली सगळ्यात मोलाची जागा तीच.

पण माझी खरी चूक वेगळीच होती आणि ती कळायला मला दोन महिने लागले. मी ट्रे रोज फिनाइल आणि साबणानं लख्ख धुवायचे, गच्चीवर उन्हात वाळवायचे. आणि चादर? आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे चादर पावडर टाकून एका बादलीत खळबळून वाळत घातली की झालं. आपल्या नाकाला वास येत नव्हता. त्याच्या नाकाला येत होता. म्हणजे जिथे त्याचा वास राहायला पाहिजे तिथून मी तो रोज खरवडून काढत होते आणि जिथे राहायला नको तिथे ठेवत होते. त्यानं वासाचंच ऐकलं. वरून फिनाइलचा उग्र वास, तो आला की आपला वास परत टाकायचा ही त्याची सवय, म्हणजे ट्रेच्या बाजूलाही पुसलेल्या फरशीवर करायचा.

तर हे उलटं करा. ट्रेमधलं ओलं रोज काढा पण मूठभर जुन्या लेंड्या आणि ओल्या कागदाचा एक तुकडा नव्या थरावर परत ठेवा. हे किळसवाणं वाटलं तरी सोडू नका, यावरच सगळं उभं आहे. आठवड्यातून एकदाच ट्रे धुवा, नुसत्या पांढऱ्या व्हिनेगरनं, तळाला जो पांढरा थर धरतो तोही व्हिनेगरनंच सुटतो, ब्रश मोडला तरी साबणानं सुटत नाही.

गादीचं काम जास्त चिकाटीचं. ओलं असताना घासायचं नाही, जुना टॉवेल दाबून टिपून घ्यायचं, मग निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी ओतून वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि परत टिपायचं. चादर असेल तर रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात भिजत ठेवा, वेगळ्या बादलीत, कारण नव्या सोलापुरी चादरीचा रंग जातो. पहिलं धुणं गारच पाण्यात. मग कडक ऊन. ऊन आपल्याकडे भरपूर आहे त्याचा उपयोग करा. वाळल्यावर लगेच परत अंथरू नका, एका कोपऱ्यावर थोडं पाणी शिंपडा आणि नाक लावा, वास शिल्लक असेल तर ओल्यावर वर येतो. आला तर परत भिजवा. मला मोराच्या चादरीला तीन वेळा करावं लागलं.

आता ससा. घर मोकळं सोडलेलं असेल तर ते बंद करा, आणि इथेच लोक घाई करतात. कोंडायचं नाही, कुंपण घालून साधारण चार बाय सहा फुटांची जागा द्यायची, त्यात ट्रे, गवत, पाणी, लपायला खोका. आठवडाभर तिथे एकही चूक झाली नाही की मग एक खोली उघडायची, तुम्ही तिथे बसलेले असताना, एक-दोन तास. परत आठवडा नीट गेला की दुसरी. पलंगाची खोली सगळ्यात शेवटी. एक चूक झाली की एक पाऊल मागे. मी तिसऱ्याच दिवशी पाघळून सगळी दारं उघडली होती आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली होती.

तो शेपटी उचलताना दिसला तर ओरडू नका, उचलूही नका, मागून हात आडवा धरून हळूच ट्रेकडे वळवा. ट्रेमध्ये केली की लगेच, तिथेच, कोथिंबिरीची काडी. पाच मिनिटांनी दिलेली काडी फुकट जाते. आणि हट्टानं एकाच ठिकाणी करत असेल तर तिथे दुसरा ट्रे ठेवा, वाद घालू नका, महिन्याभरानं रोज वीतभर सरकवत हवा तिथे नेता येतो.

हे सगळं केलं तरी नसबंदी झाल्याशिवाय पूर्ण सुटत नाही. हे मी ठामपणे सांगते. नराची साधारण चार-पाच महिन्यांनंतर, मादीची सहा महिन्यांच्या आसपास. मादीला तर करावीच, न केलेल्या माद्यांना वय झाल्यावर गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो. पण कुठल्याही डॉक्टरकडे नेऊ नका. फोनवर आधी दोनच गोष्टी विचारा, सशांची किती ऑपरेशनं केली आहेत आणि आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का. उपाशी ठेवा म्हणाले तर नम्रपणे फोन ठेवा. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे उपाशी ठेवण्याचं कारणच नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात आणि ते जिवावर बेततं. मला आधी एकांनी हेच सांगितलं होतं, म्हणून भुऱ्याला मी पुण्याला नेलं, अडीचशे किलोमीटर, डिसेंबरमध्ये, कारण उन्हाळ्यात एवढा प्रवास सशाला सोसत नाही. सोबत त्याच्याच ट्रेमधला मूठभर कचरा आणि गवत पेटीत घातलं होतं, वाटेत खात राहिला.

घरी आल्यावर आठवडाभर ट्रेमध्ये गोळ्या नको, नुसते कागद, जखमेला टोचतं. आणि दुसऱ्या दिवशी फरक दिसेल असं समजू नका, हार्मोन्स उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस नर मादीपासूनही लांब ठेवा, कारण पिल्लं अजूनही होऊ शकतात. भुऱ्याची गादीवरची शू पाचव्या आठवड्यात थांबली.

६. लेंड्यांचं. ट्रेबाहेर चार-दोन कोरड्या लेंड्या पडणारच, झाडून घ्या, ती हद्दीची खूण आहे. मात्र द्राक्षाच्या घडासारख्या मऊ, चिकट, वास मारणाऱ्या पडलेल्या दिसल्या तर ते ट्रेचं दुखणं नाही. त्या ससा थेट खातो, त्या राहतात म्हणजे खाणं जड झालंय. बिस्किटं, पोळी, फळं बंद करा, पेलेट्स म्हणजे विकतच्या खाद्याच्या गोळ्या कमी करा, गवत वाढवा.

७. उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये शिकलेले ससेही ट्रे सोडतात आणि लोकांना वाटतं विसरला. विसरत नाही, पश्चिमेच्या भिंतीला ट्रे असेल तर दुपारी तिथे बसवत नाही, तो गार शहाबादी फरशीवर नाहीतर मोरीत जाऊन पडतो आणि तिथेच करतो. पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा ट्रे त्याच्या मागे न्या. मोरीत बसू देऊ नका, ओल्या फरशीनं तळपाय सोलतात. बाटलीत पाणी गोठवून टॉवेलमध्ये गुंडाळून ट्रेशेजारी ठेवा. पाणी जास्त पितो म्हणजे शू जास्त, तेव्हा ओलं दिवसातून दोनदा काढावं लागतं.

८. डॉक्टर कधी. नसबंदी झालेला, वर्षानुवर्षं नीट असलेला ससा अचानक जिथे बसेल तिथे थेंब थेंब करायला लागला, कण्हत जोर लावू लागला, मागचे पाय ओले राहू लागले, शू टूथपेस्टसारखी घट्ट येऊ लागली तर सवयीकडे बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. नुसता नारिंगी-लाल रंग बघून घाबरू नका, पालेभाज्यांतल्या रंगानंही तसा येतो, पण एक-दोन दिवसांत गेला नाही किंवा लाल गाठी दिसल्या तर तपासून घ्या. आणि दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंडीच टाकली नाही, तर रात्र असली तरी निघा.

भुऱ्या आता सात वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीपासून तो ट्रेच्या बाहेर, अगदी कडेला लागून करायला लागला. आत जाताना मागचा पाय अडखळत होता. सांध्यांचं औषध चालू केलं आणि टबाची समोरची बाजू चार इंचांवरून दीड इंचावर कापली, खाली जुन्या टॉवेलची पट्टी शिवून टाकली म्हणजे घसरणार नाही. त्याच संध्याकाळी आत गेला.