कूलर आधी, पलंग नंतर : खान्देशातल्या बेडरूमची मांडणी

बेडरूम लावायला घेतली की पहिला प्रश्न निघतो तो पलंग कुठे ठेवायचा. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात तो तिसरा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा कोणती भिंत तापते आणि कूलरची हवा कुठून येऊन कुठून बाहेर पडते, यावर रात्रीची झोप ठरते. समुद्राकाठच्या फ्लॅटसाठी दिलेले सल्ले इथे जसेच्या तसे उचलू नका. त्यात कूलर नसतोच.

१. मापं

प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत मोजा. नकाशातली १० बाय १२ खोली आत बऱ्याचदा ९ फूट ९ इंच बाय ११ फूट ९ इंच भरते. ‘दोन फुटी’ टाइल्स मोजून अंदाज घेता येतो, पण ती टाइल ६० सेंटिमीटरची असते. पाच टाइल्समागे जवळजवळ दोन इंच कमी पडतात. दार किती उघडतं, पंख्याचा हूक कुठे आहे, स्विचबोर्ड कुठे आहे, हेही कागदावर घ्या.

२. कूलरची वाट

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि एकदा सुतारकाम झालं की त्या सुधारता येत नाहीत.

कूलर हवा थंड करतो ती पाण्याचं बाष्प करून. म्हणजे त्याच्या हवेत ओल असणारच. ती हवा खोलीतून बाहेर पडली नाही तर पहिला अर्धा तास गार वाटतं, मग अंग चिकचिकायला लागतं. लोक कूलरला दोष देतात, गवत बदलतात, मोठा कूलर आणतात. मोठ्या कूलरने चिकचिक आणखी वाढते, कारण बाहेर जायची वाट तेवढीच राहिलेली असते. हीच ओल पुढे गादीला कुबट वास आणते आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरवते. एसीसारखी दारं-खिडक्या लावून कूलर चालवू नका.

हिशेब सोपा आहे. १० × १२ × १० फुटांची खोली म्हणजे १२०० घनफूट हवा. ती दर दोन मिनिटांनी बदलायची तर कूलरने मिनिटाला ६०० घनफूट हवा दिली पाहिजे. कंपनीच्या खोक्यावर तासाचे घनमीटर लिहिलेले असतात. तिथे साधारण १००० हा आकडा शोधा. बाहेर पडायला मिनिटाच्या दर १००० घनफुटांमागे दोन चौरस फूट वाट लागते. सात फुटी दार चार इंच उघडं ठेवलं की दोन चौरस फुटांहून थोडी जास्त वाट मिळते. पत्र्याचा मोठा कूलर याच्या कितीतरी जास्त हवा फेकतो, त्याला दार त्या मानाने जास्त उघडं लागतं. दाराला स्टॉपर लावा, नाहीतर हवेच्या दाबाने ते रात्रभर आपटतं.

आता मुख्य गोष्ट : ही वाट कूलरच्या समोर किंवा तिरकस कोपऱ्यात हवी. खिडकी आणि दार शेजारीशेजारी असतील तर हवा खिडकीतून येते, वळते आणि दारातून निघून जाते. पलंगापर्यंत पोचतच नाही. अशा खोलीत दार लावून घ्या आणि समोरच्या भिंतीत झरोका काढा किंवा एक्झॉस्ट पंखा बसवा. भिंत फोडायची नसेल तर उलटं करा : कूलर ओसरीत किंवा हॉलमध्ये स्टँडवर ठेवून दारातून हवा आत सोडा आणि खोलीची खिडकी बाहेर जायची वाट करा. मात्र मग हॉलच्या खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर कूलर तीच दमट हवा पुन्हा ओढतो.

परीक्षा अशी घ्या. कूलर पूर्ण वेगाने चालू करून बाहेरच्या वाटेपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. तो तिथेच घुटमळत असेल तर वाट अपुरी आहे. ही परीक्षा गुढीपाडव्याच्या सुमारासच घ्या, म्हणजे झरोका काढायला वेळ राहतो.

कूलरसाठी उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली. पश्चिमेचीच असेल तर वर पत्रा किंवा हिरवी जाळी लावून सावली करा, पण गवताच्या बाजू झाकू नका. आणि पत्र्याचा कूलर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटशिवाय लावू नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पत्र्याच्या कूलरचा शॉक जीव घेतो. लोखंडी कपाट किंवा लोखंडी पलंग कूलरला टेकेल अशी मांडणी कधीच करू नका.

३. पश्चिमेची भिंत

दुपारभर तापलेली वीटभिंत मध्यरात्रीपर्यंत आत उष्णता सोडते. या भिंतीला उशी टेकवायची नाही, कपाट लावायचं. कपड्यांनी भरलेलं दोन फूट खोल लाकडी कपाट त्या उष्णतेला चांगलं अडवतं. मागे दोन इंच फट ठेवा. औषधं, मेणबत्त्या, फोटोंचे अल्बम त्यात नकोत. पावसाळ्यात तीच भिंत पाझरत असेल तर आधी बाहेरून दुरुस्ती, मग कपाट.

४. पलंग

पाच बाय साडेसहा फुटांचा घ्या. दहा फुटी खोलीत सहा फुटी पलंग बसतो, पण चालायला जागा उरत नाही. वर मोजलेली ९ फूट ९ इंच रुंदीची खोली धरा : पश्चिमेला दोन फूट कपाट, दक्षिणेला डोकं करून पाच फुटी पलंग. कपाटामागची दोन इंच फट धरून उरतात २ फूट ७ इंच. ही सगळी जागा कपाट आणि पलंग यांच्यामध्ये ठेवून पलंगाची दुसरी बाजू पूर्वेच्या भिंतीला लावा. दोन्हीकडे सव्वा-सव्वा फूट वाटून घेतलं तर कपाटाचं दीड फुटी दारही उघडत नाही. दोन्ही बाजूंनी उतरायचंच असेल तर कपाटाला स्लायडिंग दारं करा आणि पलंग साडेचार फुटी घ्या.

झोत डोक्यावर नको, पायांकडून तिरका अंगावरून जाऊ द्या. उत्तरेला डोकं नको हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह या मांडणीत आपोआप पाळला जातो. धुळ्याकडे थंडीही कडक पडते, तेव्हा उत्तरेच्या खिडकीखाली उशी नसलेलीच बरी.

५. माळा

सामानाचा माळा सात फुटांवर, दोन फूट खोल. इथे एक गोष्ट सुतारही विसरतात. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट जातं. दहा फुटी खोलीत ते भिंतीपासून तीन फुटांच्याही आत येतं. माळ्याचं दीड फुटी दार उघडलं की साडेतीन फुटांपर्यंत पोचतं, म्हणजे चालू पंख्यात. माळ्याला सरकती दारंच हवीत.

६. वर्षाचं सामान

गहू, ज्वारी, डाळी, पापड, कुरडया, बिबडे यांपैकी काहीही कूलरच्या खोलीत ठेवू नका, पलंगाच्या बॉक्समध्ये तर नाहीच. उन्हात कडक वाळवलेलं धान्य तिथे पुन्हा ओल धरतं आणि त्याला किडे लागतात. कोठी कोरड्या खोलीत, जमिनीपासून चार इंच वर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. पलंगाच्या बॉक्समध्ये गोधड्या, सतरंज्या आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-जावई आले की लागणाऱ्या जादा गाद्या. वरून उचलायचा बॉक्स घ्या. ड्रॉवरवाल्याला बाजूला दोन फूट मोकळी जागा लागते आणि ती या खोलीत एकाच बाजूला आहे. जून उजाडला, कूलर बंद झाला की बॉक्स रिकामा करून दिवसभर उघडा ठेवा.

७. सुताराला बोलावण्याआधी

पलंग आणि कपाटाच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून फरशीवर चिकटवा आणि दोन दिवस त्यांना न तुडवता वावरा. रात्री अंधारात उठून दारापर्यंत जाऊन पाहा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही चालायला सांगा. वॉकर लागत असेल तर त्या वाटेत कुठेही अडीच फुटांपेक्षा कमी जागा चालणार नाही. पाय कागदावर पडतो ती जागा खडूने खुणवा, आणि सुताराला माप देताना त्या खुणेपासूनच टेप लावा.