जाडजूड आत्मचरित्र अर्धवट सुटू नये म्हणून

मंडेलांचं आत्मचरित्र हातात घेतलं की शंभरेक पानांनंतर नावांचा नुसता गुंता होतो, कोण कुठला तेच कळेना आणि मग पुस्तक उशाशी पडून राहतं. त्यावर सोपा उपाय, बुकमार्कच कामाला लावायचा.

१. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, बोटभर रुंद उभी पट्टी कापा (पत्रिका घरात ढिगाने असतातच).

२. एका बाजूला फक्त सालं आणि जागा. १९१८ जन्म, १९४४ युथ लीग (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या त्यांच्या संघटनेची तरुणांची शाखा), १९५६ ते ६१ देशद्रोहाचा खटला, १९६२ अटक, १९६४ जन्मठेप आणि रॉबेन बेटावरचा तुरुंग, १९८२ पोल्समूर तुरुंग, १९९० सुटका. एवढ्यावर पुस्तक कुठे चाललंय ते कायम समोर राहतं.

३. मागे माणसं, एका ओळीत एक, आणि त्याच ओळीत त्याची बाकीची नावं पण. म्हणजे रोलिह्लाह्ला, नेल्सन, मादिबा हे तिन्ही एकच. सिसुलू, टांबो, कथ्राडा या सहकाऱ्यांच्या नावापुढे दोन शब्दांत ओळख, बास. प्रत्येक नाव लिहायच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्यांदा भेटला तरच लिहायचं.

संघटनेच्या बैठका, ठराव वगैरे पानं जड वाटली तर सरळ चाळा, पण रॉबेन बेटावरची चुनखडीची खाण अजिबात सोडू नका, खरी मजा तिथेच आहे.

फक्त एक, पुस्तक सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) आणलेलं असेल तर त्यात पेन्सिल नको आणि चिकटणाऱ्या चिठ्ठ्या तर नकोच, जुनी पानं सोलून निघतात.