बोअरच्या पाण्यावरून जमिनीतली उष्णता कशी मोजायची

आपल्या सोलापूरचा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, पण तो कधीच गार झालाय, त्यामुळं इथं बोअरमधून वाफ काढून वीज करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आइसलँडला क्राफ्ला या ज्वालामुखीच्या भागात 2009 साली बोअर मारताना 2.1 किलोमीटर खोलीवरच मॅग्मा (वितळलेला दगड) लागला होता, तसल्या भागात वाफेवर टर्बाइन फिरवतात आणि उरलेलं पाणी परत जमिनीत सोडतात, नाहीतर खालचं प्रेशर कमी होत जातं. साध्या जमिनीत दर किलोमीटर खोलीला 25-30 अंशच वाढतात.

तरी पोरांना घेऊन घरी मोजून बघाच. लॅबचा 0 ते 100 चा थर्मामीटर घ्या, तापाचा चालत नाही. मोटर लावून पहिली 20 मिनिटं पाणी झाडांना सोडा (वाया घालवू नका, आपल्याकडं पाण्याची किंमत माहितीये), कारण पाइपात तापलेलं पाणी आधी निघून गेलं पाहिजे. मग थर्मासमध्ये पाणी धरा, सावलीत थर्मामीटर बुडवा, मिनिटभर थांबा आणि बाहेर न काढता रीडिंग वाचा, बाहेर काढला की लगेच पारा हलतो. बोअरची खोली शेजारी लिहा. हेच मेच्या उन्हात आणि डिसेंबरच्या पहाटे करा, बाहेर एवढा फरक असून पाण्याचं तापमान जवळपास तेवढंच भरतं.