भरती-ओहोटीच्या नोंदी प्लॉटजगलरमध्ये उघडताना

मुंबई बंदरातील पाण्याच्या पातळीच्या, दर 10 मिनिटांनी घेतलेल्या नोंदी सीएसव्ही फाइलच्या (चिन्हांनी वेगळे केलेल्या रकान्यांच्या साध्या मजकूर-फाइलच्या) रूपात हाती आल्या असतील, तर प्लॉटजगलर या मोफत साधनात त्यांचा आलेख काढता येतो. फाइल प्रथम साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पहिल्या काही ओळी वाचाव्यात. एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करण्याचा मोह टाळावा, कारण सीएसव्ही लिहिताना एक्सेल पडद्यावर दिसते तेवढेच उतरवते आणि लपलेले सेकंद कायमचे जातात. न झालेल्या नोंदीच्या जागी -9999 भरलेले असेल, तर ते काढून टाकावे. एवढा एक आकडा राहिला तरी चार-पाच मीटरची भरती सपाट रेषेसारखी दिसते.

त्यानंतर फाइल प्लॉटजगलरच्या खिडकीत ओढून सोडावी. समोर येणाऱ्या चौकटीत रकाने कोणत्या चिन्हाने वेगळे केले आहेत ते ठरवावे आणि आडव्या अक्षासाठी वेळेचा रकाना निवडावा. ओळींचा क्रमांक घेण्याचाही पर्याय तेथे असतो; घाईत तो निवडला, तर मधल्या तासाभराच्या नोंदी गहाळ असूनही दोन टोके बेमालूम जुळतात आणि आलेख निर्दोष वाटतो.

सर्वांत जास्त घोळ तारखेचा होतो. 03/07/2024 म्हणजे आपल्या दृष्टीने 3 जुलै. पण तारीख वाचण्याच्या साच्यात महिना आधी असेल, तर ती 7 मार्च होते. मग जुलैचे पहिले 12 दिवस वर्षभर विखुरतात आणि 13 तारखेपासून वाचनच अडते. म्हणून तारखेचा साचा स्वतः लिहून द्यावा.

वेळ भारतीय आहे की यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ), हेही पाहावे. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात, आणि साडेपाच तासांची चूक त्याच्या इतकी जवळ आहे की भरतीच्या वेळी जवळजवळ ओहोटी दिसते.

डावीकडच्या यादीतून पातळीचा रकाना ओढून मोकळ्या जागेत सोडला की आलेख उमटतो. तो कोळीवाड्यातल्या कोणालाही समजेल अशा कसोटीवर तपासावा: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग (सर्वांत कमी चढउताराची भरती) दिसलाच पाहिजे. फूरिये रूपांतर (नोंदींतील आवर्तने शोधणारी गणिती पद्धत) केल्यास मुख्य शिखर 12.42 तासांच्या आवर्तनावर, म्हणजे 0.0000224 हर्ट्झजवळ यावे; ते 74.5 ओळींच्या आवर्तनावर, म्हणजे 0.0134 जवळ आले, तर वेळेऐवजी ओळी मोजल्या गेल्या आहेत.